धूळ न बसणारी जागा

निपाणीच्या तंबाखू वखारीत उन्हाळ्यात कामाला बसलं की माणसाचा मूळ रंग कळत नाही. वर पत्रा तापलेला, खाली आम्ही बाया तंबाखू चाळतोय, आणि घामावर तंबाखूच्या धुळीचा खकाणा असा बसतो की कोपरापर्यंत हात काळे. त्यात माझ्या धाकट्या जावेच्या मनगटाच्या वर रुपयाएवढी जागा तेवढी स्वच्छ. साबण लावून आलीस काय गं, म्हणून बाया तिला चिडवायच्या. पावसाळा लागला की ती जागा कुणाच्या ध्यानातही राहायची नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, ठरवूनच टाकलं की हे उष्णतेचं आहे, सब्जा पी.

मला ते पटेना. पुढच्या उन्हाळ्यात जागा वाढली, आणि तव्याची कड लागून तिथं फोड आला तरी हिला पत्ता नाही. मग मी कुणाला विचारत बसले नाही. हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावून हातावर कापूस फिरवला, लागला की सांग म्हणाल्या. त्या जागेवर कापूस आला ते हिला कळलंच नाही. कुष्ठरोग, त्यांनी सरळ सांगितलं. डाग बारा महिने असतोच, तिथं घाम सुटत नाही, म्हणून धूळ चिकटत नाही आणि उन्हाळ्यात नजरेत भरतो. गोळ्या नेमानं घेतल्या की बरा होतो, घरच्यांनी घाबरायचं कारण नाही.

मी निर्धास्त झाले. ती कुठली व्हायला! घरात भाकरी तीच थापायची, तिनं पिठाच्या डब्याला हात लावणं सोडलं. आत्तींनी परात माझ्या हातात दिली, आणि ते बघून माझं टाळकं सरकलं. मी दोघींशी भांडले, डॉक्टरांचं सगळं ऐकवलं.

"आक्का, डाग हाय तवर मी परातीत हात घालणार न्हाय," ती म्हणाली.

लई वाईट वाटलं. पण गोळी मी एक दिवस चुकू दिली नाही, आणि घरानं माझ्या जाडजूड भाकऱ्या मुकाट खाल्ल्या. दिवाळीच्या सुमारास गोळ्या संपल्या, डाग फिकटला, तरी तिचा विश्वास बसेना.

पुन्हा उन्हाळा आला. एका दुपारी तिनं चाळण खाली ठेवली आणि हात माझ्यापुढं धरला. घामानं भिजून सगळा काळा, ती जागासुद्धा.

"धुऊ नगंस," मी म्हटलं. "आधी आत्तीस्नी दाखवू."

तसाच हात घेऊन ती घरी आली. आत्तींनी तो उजेडात धरून बघितला, स्वतः साबण लावून धुतला, आणि तिच्यापुढं परात सरकवली.