सुदामने ताणलेली मॅट

सुदाम गेल्याची बातमी कोराडीहून बसने आलेल्या त्याच्या मेहुण्याने दिली. सदर बाजारातल्या माझ्या दुकानात, उभ्याउभ्याच. आठवडाभराने क्लबात शोकसभा झाली आणि पहिलाच वक्ता म्हणाला, "बिचारा मॅटिंगवरचा बॉलर होता, चेंडू मॅटच वळवायची." बिचारा? सुदाम? माझं डोकंच फिरलं...

आम्ही एकाच संघातून प्रथम श्रेणीचे सामने खेळलो. तो फिरकी टाकायचा, मी यष्टीमागे. त्या काळी आमच्याकडे काथ्याच्या मॅटवर खेळायचे आणि ती पसरून खिळे ठोकायचं काम आम्हा खेळाडूंकडेच असायचं. मॅट ढिली राहिली की चेंडू तिच्यात अडकून हातभर वळायचा. ताणून बसवली की वळवायला बोटं लागायची. वीस वर्षांपूर्वी विभागीय संघाच्या निवडीआधीचा शेवटचा सामना होता. सकाळीच आमच्या संघाचे मॅनेजर सुदामच्या कानाशी लागले, "जरा ढिली ठेव गा. पाच विकेट घे, तुझं नाव पक्कं." त्याने ऐकून घेतलं आणि मला हाक मारली, "धर गा ते टोक. खेच."

"काहून गा? येड लागलं का तुले?"

"ढिल्या मॅटवर तर तू बी विकेट घेशीन. मले माह्या बोटाची पाह्यजे."

ओढली आम्ही. नव्या बाजेच्या सुंभासारखी ताठ. सुदाम दिवसभर टाकत राहिला आणि विकेट मिळाल्या दोन. पण त्यातली एक... समोरचा कप्तान पुढे सरसावला, चेंडू बॅटीला चकवून माझ्या हातात आला आणि मी बेल्स उडवल्या. तसा चेंडू मी पुन्हा पाहिला नाही. खेळ संपल्यावर मॅनेजरनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅट कोणी ताणली?"

"म्या."

"एकट्यानं?"

"एकट्यानं," सुदाम म्हणाला. मी मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत बसलो. त्यानंतर त्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. मी मात्र आणखी चार हंगाम खेळलो, लाज नावाची चीज नसल्यासारखा. तो कोराडीच्या पॉवर स्टेशनात लागला. भेटला की हसून चहा पाजायचा, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शोकसभेत भाषणं आटोपली. अध्यक्षांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं, सगळे उठले. "थांबा," मी म्हणालो, "तो ताणलेल्या मॅटवरचा बॉलर होता. आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात होतं." शेजारच्याने माझी बाही ओढली, "भाऊ, दोन मिनिटं तरी गप राहा ना!"

वीस वर्षं राहिलो होतो. मी बोलतच राहिलो.