एका गॅसवर दोन जावा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, ही गोष्ट लग्नाआधी कळवायला हवी होती, असं माझे यजमान अजूनही म्हणतात. ते हुबळीच्या कोर्टात वकील. दिवसभर लोकांचे वाद ऐकून दमून घरी यायचे, आणि घरी मी तयारच बसलेली असायचे. कॉलेज, विद्यापीठ, सरकार, नवी सेमिस्टर पद्धत, कुणाला म्हणून सोडायचे नाही. एका रविवारी सकाळी, देशपांडे नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात, पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. म्हणाले, "अगं, हे सगळं तू कुठंतरी लिहीत जा. मी एकटा किती पुरणार तुला?"

त्याच महिन्यात घरी टेलिफोन खात्याचं ब्रॉडबँड आलं होतं. मी ब्लॉग उघडला.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली होती. मी धारवाडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. नव्वदीच्या शेवटी लागले ती टेंपररी म्हणून, आणि आठ वर्षं झाली तरी टेंपररीच होते. रोज हुबळीहून बसनं जायचं, बसनं यायचं. कायम करण्याची मुलाखत दर उन्हाळ्यात "यंदा नक्की" असायची आणि दर पावसाळ्यात पुढं गेलेली असायची. असल्या माणसानं उघड बोलणं म्हणजे हातानं घास टाकून देणं. म्हणून ब्लॉगवर नाव घातलं नाही. खाली नुसतं "एक शिक्षिका". लिहायचे इंग्रजीत, कारण देवनागरी टाईप करायला मला येत नव्हतं. चिडायचे मात्र मराठीतच.

काय काय लिहिलं म्हणून सांगू. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली होती. तिथं जाताना चपला बाहेर काढायच्या. यंत्रांवर शिवून घेतलेली कव्हरं, कव्हरांना झालर. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा पडायच्या, आणि मग वर्षभर खोलीला कुलूप, कारण मुलं हात लावतील. मी लिहिलं की आमच्याकडे तंत्रज्ञान आलंय, फक्त अजून सोवळ्यात आहे. पाठांतरावर तर मनसोक्त तोंडसुख घेतलं. पेपर तपासण्यावर लिहिलं की आमचे परीक्षक उत्तर वाचत नाहीत, वितीनं मोजतात, एक वीत भरली की सहा मार्क. तोवर मी एकदाही पेपर तपासायला गेले नव्हते, पण न बघता ठासून बोलायला मला कधी अडचण वाटली नाही.

त्याच सुमाराला बेंगळुरूला दोन पक्षांनी मिळून सरकार केलं होतं. निम्मे दिवस मुख्यमंत्री तुमचा, निम्मे दिवस आमचा. त्यावर मी लिहिलं की आघाडी सरकार म्हणजे एका गॅसवर दोन जावा. सकाळी तू, संध्याकाळी मी. सिलिंडर कुणाच्या पाळीत संपेल एवढाच काय तो प्रश्न, आणि संपला की दोघी म्हणणार, मी तर नुसता चहा केला होता. हे लिहून मी स्वतःवरच इतकी खूश झाले की यजमानांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते आंघोळीला निघून गेले.

एक माणूस मात्र ब्लॉग मन लावून वाचायचा. माझे वडील, अप्पा. कलघटगीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, घरी ना कॉम्प्युटर ना इंटरनेट, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर दिसायचं नाही. म्हणून मी यजमानांच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर पानं छापून घ्यायचे आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर वाढवून घ्यायचे. अप्पा लाल पेनानं चुका काढून पुढच्या खेपेला परत द्यायचे. बावन्न वर्षांची झाले तरी हे थांबणार नाही असं तेव्हा वाटायचं, आणि त्याचा फार आनंद व्हायचा.

त्या झेरॉक्सवाल्यांना सगळे अण्णा म्हणत. धारवाडात शिकलेल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे पुस्तकांच्या दुकानापेक्षा झेरॉक्सच्या दुकानावर डिग्री मिळायची. अण्णांकडे प्रत्येक प्राध्यापकाची एक फाईल. त्यात आमच्या वर्गातल्या नोट्स. मुलं यायची आणि "राज्यशास्त्र मॅडम, फुल सेट" एवढंच म्हणायची. अण्णा कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजी येत नव्हतं, पण शिस्त अशी की एक पान मागंपुढं होणार नाही. माझे हस्तलिखित कागद एकदा हरवले होते, तेव्हा मी त्यांना दुकानात उभी राहून वाट्टेल ते बोलले होते. त्यानंतर माझा कुठलाही कागद त्यांच्या मशिनखाली गेला की ते त्याची एक प्रत गुपचूप माझ्या फाईलला लावून ठेवायचे. हे मला माहीत नव्हतं. दुकानात ओरडले मी होते, आणि त्याची फळं पिकत होती त्या फाईलमध्ये.

मे महिन्यात पेपर तपासायला बोलावणं आलं. पहिल्यांदाच. सगळ्या कॉलेजांचे पेपर धारवाडात एका मोठ्या हॉलमध्ये यायचे, नाव-नंबर झाकून वर सांकेतिक नंबर चिकटवलेला असायचा, आणि टेबलाटेबलांवर आम्ही गठ्ठे घेऊन बसायचो. मुख्य परीक्षक म्हणून एक वयस्क प्राध्यापक होते. पांढरा शर्ट, कडक घडी, बोलणं मोजकं. कायम करण्याच्या आमच्या मुलाखतीला समितीत तेच बसणार होते, त्यामुळे मी पदर नीट घेऊन, शहाण्यासारखी मान खाली घालून बसले.

प्रश्न होता, आघाडी सरकारचे गुणदोष सांगा. तिसरा पेपर उघडला आणि त्यात दोन जावा. एका गॅसवर.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट. पाचव्या पेपरात पुन्हा तेच. आठव्यात "एका थोर पाश्चात्त्य विचारवंताच्या मते" म्हणून तेच. एकानं ते ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर खपवलं होतं. तेव्हाच्या ग्रीसमध्ये सिलिंडर घरपोच मिळत असणार. एका मुलानं पेन्सिलीनं शेगडीची सुबक आकृती काढून सिलिंडरकडे बाण केला होता आणि लिहिलं होतं, "विधानसभा". आणखी एकानं तर पाठांतराविरुद्ध मी जे लिहिलं होतं ते शब्द न शब्द पाठ करून शेवटी "निष्कर्ष" म्हणून जोडून दिलं होतं.

लाज वाटते सांगायला, पण आधी मला भीती नाही वाटली, गुदगुल्या झाल्या. माझं लिखाण कुणीतरी वाचतंय. भरभरून मार्क दिले. सात, आठ, आठ, सात.

मग एक पेपर आला. मोडकंतोडकं इंग्रजी, अक्षर मात्र ठसठशीत. लिहिलं होतं: नोट्समधलं हे मत मला पटत नाही. आमच्या घरी आई आणि काकू एकाच चुलीवर स्वयंपाक करतात, त्यांचं भांडण होत नाही. भांडण तेव्हा होतं जेव्हा कट्ट्यावर बसलेले पुरुष दोघींना न विचारता पाळ्या ठरवतात. या सरकारच्या पाळ्याही अशाच ठरल्या, मत देणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

माझं डोकं फिरलं. कोण हे टिकोजीराव, माझ्या वाक्याला नाक मुरडणारे? विषय सोडून लिहिलंय असं मनाशी ठरवून मी चार मार्क दिले आणि पेपर गठ्ठ्याखाली सरकवला.

दुपारी चहाच्या सुमाराला पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "सर, हे गॅस सिलिंडर काय प्रकरण आहे?" दुसरं टेबल म्हणालं, आमच्याकडेही आहे. मुख्य परीक्षकांनी सगळ्या टेबलांवर फिरून मोजलं. साठेक पेपर निघाले. ते हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले की ही सामूहिक कॉपी आहे, या सगळ्यांचे नंबर उघडून रिपोर्ट होईल, निकाल राखून ठेवले जातील.

आता मात्र गुदगुल्या थांबल्या. निकाल राखून ठेवणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. वर्ष गेलं. बी.एड.चा प्रवेश गेला. माझ्या वर्गात अळणावरकडून, कलघटगीकडून पहाटेची बस पकडून येणाऱ्या मुली होत्या. घरच्यांनी डिग्रीपर्यंत कसाबसा धीर धरलेला. त्यांच्या घरी "कॉपीत सापडली" एवढा एक शब्द पोचला की पुस्तकं माळ्यावर गेलीच म्हणायची.

आणि तोंड उघडलं तर माझी आठ वर्षं गेली. ब्लॉग कुणाचा हे कळणार, त्यातली वीत कळणार, आणि वीत मोजणारे समोरच उभे. चहावर साय धरली तरी मी कपाला हात लावला नाही. एरवी नको तिथं चालणारी माझी जीभ त्या दिवशी टाळूला चिकटली होती. मला स्वतःचाच इतका राग आला की त्या रागानंच उठून उभी राहिले.

"सर, ती कॉपी नाही. ते वाक्य माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"मी लिहिलंय, सर. इंटरनेटवर."

"परीक्षेच्या हॉलमध्ये इंटरनेट कुठून आलं?"

"तेच मला कळत नाही, सर."

हॉलभर हशा झाला. तेवढ्यात दुसऱ्या कॉलेजातले एक जण म्हणाले की हे सेटमध्ये आहे, आमच्या मुलांकडेही तोच सेट आहे, शेवटची पानं मोठ्या अक्षरांत आहेत. मोठी अक्षरं म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अण्णांना फोन गेला.

अण्णा अर्ध्या तासात स्कूटरवरून फाईल घेऊन हजर. एवढे प्राध्यापक एका ठिकाणी बघून त्यांना सभेला बोलावल्यासारखं वाटलं असावं, कारण दारातच त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. हा कागद तुम्ही सेटमध्ये घातलात का, असं विचारल्यावर छाती पुढं काढून म्हणाले, "हौद्री सर, मीच. मॅडमचं एक पान हरवू दिलं नाही. आणि शेवटची मोठ्या अक्षरातली आहेत ना, ती पोरं आधी पाठ करतात री. मोठं म्हणजे महत्त्वाचं."

मुख्य परीक्षक फाईल घेऊन बसले आणि एकेक पान वाचू लागले. सोवळ्यातले कॉम्प्युटर झाले. पाठांतर झालं. मग ते एका पानावर थांबले, आणि मला कुठलं पान ते न बघता कळलं.

"ही वीत कुणाची?"

"आपल्या सगळ्यांची, सर."

"म्हणजे माझीही."

"हो, सर."

एवढं बोलल्यावर आता कसली भीती. उलट हलकं वाटलं, फार दिवसांनी जड पिशवी खाली ठेवल्यासारखं. त्यांनी फाईल मिटली. म्हणाले, "नोट्स पाठ करणं ही कॉपी धरली तर मलाही माझी डिग्री परत करावी लागेल. रिपोर्ट नाही. निकाल वेळेवर लागतील." अण्णांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण सगळे आनंदले म्हणून तेही आनंदले आणि स्कूटरवरून परत गेले. माझा जीव भांड्यात पडला. मुलाखतीचं व्हायचं ते होईल म्हटलं. (त्याच उन्हाळ्यात कायम झाले. मुलाखतीत त्यांनी ब्लॉगचं नावही काढलं नाही. घरी मात्र यजमानांनी पेढे वाटले.)

पण त्या दिवसाचं काम संपलं नव्हतं. प्रत्येकाच्या गठ्ठ्यातले काही पेपर मुख्य परीक्षकांनी फिरून तपासायचे असतात. त्यांनी माझा गठ्ठा ओढून घेतला. सात, आठ, आठ. मग तळाचा एक पेपर काढला आणि सावकाश वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मागं टेकून. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या दिवसातलं पहिलंच.

"याला चार का?"

मी विषयाला सोडून आहे असं सांगणार होते. तोंडाशी आलंही होतं.

"राग आला होता, सर."

त्यांनी पेपर माझ्यापुढं ठेवला आणि लाल पेन उघडून दिलं. मी चारवर काट मारली, नऊ लिहिले, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. आठ वर्षं मी घसा फोडून सांगत होते, पोरांनो, मला उलट विचारा, माझ्याशी भांडा. एक भांडलं होतं. आणि मी चार दिले होते.

कोण, कुठलं, मुलगा की मुलगी, काही कळायला मार्ग नव्हता. वर नुसता नंबर. संध्याकाळी बसमध्ये बसले तर कॉलेजच्या पोरींची ही गर्दी, खांद्याला पिशव्या, कन्नड-मराठीत कलकलाट चाललेला. हुबळी येईपर्यंत मी एकेकीच्या तोंडाकडे बघत होते, ही असेल का, ही असेल का, आणि वेड्यासारखी हसत होते. शेवटी शेजारचीनं विचारलंच, "काय झालं, मॅडम?"