देव डाव्या हाताने आशीर्वाद देतो

गेल्या महिन्यात बेळगावला मावशीकडे राहून मी तीन चित्रपट पाहिले. दोन आपल्याकडचे बोलपट आणि एक जुना विलायती मूकपट. त्यांच्याबद्दल माझी मते अशी.

पहिल्या बोलपटात एक सासुरवाशीण पावणेतीन तास सोसते. सोसल्याबद्दल शेवटी तिला देवाचे दर्शन होते. सासूलाही होते. सासूला का होते, याचा खुलासा कंपनीने केलेला नाही. दुसरा बोलपट समाजसुधारणेवर आहे. त्यातला पदवीधर तरुण समाज सुधारायला निघतो आणि एका बागेत जातो. सुधारणा शेवटपर्यंत त्या बागेबाहेर पडत नाही. नायिका शिकलेली आहे, हे तिच्या हातात पुस्तक आहे त्यावरून समजायचे. ती ते उघडत नाही. विलायती चित्रपट कॅम्पात सोल्जरांसाठी लावला होता. तो इतका जुना की फिल्मवरच्या ओरखड्यांमुळे प्रत्येक प्रसंगात, घराच्या आतसुद्धा, पाऊस पडत होता. त्यात एक आग विझवणारा तरुण घरमालकाच्या मुलीवर प्रेम करतो. घरमालक त्याला हाकलतो. मग घराला आग लागते, तरुण घरमालकाला वाचवतो आणि त्याला मुलगी मिळते. भाडेकरूंचे काय झाले ते दाखवलेले नाही. तरीही तिन्हींत मला हाच बरा वाटला. त्यात निदान एक माणूस काम करताना दिसला.

ही मते वाचून कुणी चित्रपट पाहायचा किंवा टाळायचा ठरवणार असेल, तर त्याला आधी हे माहीत असावे, की मी पहिली चार वर्षे चित्रपट पडद्याच्या मागून पाहिले. त्या काळात माझ्या मतामुळे आमच्या घरी जे झाले ते सांगते.

तेव्हा आम्ही निपाणीत राहत होतो. आप्पा शाळामास्तर. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि तीत पत्रके होती. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, चहाविरुद्ध. मी बाराखडीनंतर थेट चहाविरुद्धच्या पत्रकावर आले. सोळाव्या वर्षी मीही तशीच पत्रके लिहू लागले आणि अठराव्या वर्षी बेळगावच्या एका साप्ताहिकाने मला चित्रपटांवर लिहायला सांगितले. संपादक स्वतः तत्त्व म्हणून चित्रपट पाहत नसत.

मला एक धाकटी बहीण आहे. ती डावरी. पंधराव्या वर्षाला लागली होती. आई रोज दोन्ही जेवणांच्या वेळी जुन्या धोतराची किनार घेऊन तिचा डावा हात पाठीमागे बांधायची आणि उजव्या हाताने जेवायला लावायची. बहीण सगळ्यांत आधी पाटावर बसायची आणि सगळ्यांत शेवटी, निम्मे जेवून उठायची. आईचे म्हणणे, आत्ता हात वळला नाही तर लग्न जमणार नाही, आणि जमलेच तर सासरी अन्न शिवू देणार नाहीत. माझे म्हणणे होते की हा जुलूम आहे. ते मी आईला बऱ्याचदा सांगितले. आई म्हणायची, "व्हय. किनार दे इकडं."

चित्रपटाचा तंबू तंबाखूच्या हंगामात यायचा, तेव्हा गावात पैसा असायचा. पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका मागे, कनातीच्या आडोशाला. पडद्याला मागूनही चित्र नीट दिसावे म्हणून खेळाआधी एक माणूस त्यावर पाणी मारायचा. आमच्या बाजूला वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका असत, त्यामुळे करुण प्रसंगी नेमके कोण रडते आहे आणि कोण शिंकते आहे ते कळत नसे. आप्पा आम्हाला सोडायला यायचे, पण मास्तराने तंबूत दिसू नये म्हणून बाहेर गॅसबत्तीखाली वाचत बसायचे.

मूकपटात मधूनमधून अक्षरे येत. आमच्या बाजूने ती उलटी दिसत. बायकांमध्ये वाचता येणारी मी एकटीच होते, म्हणून मी उलटी अक्षरे वाचायला शिकले आणि सगळ्यांना मोठ्याने सांगू लागले. बायकांना उलटी अक्षरे दाखवतात, या अन्यायाबद्दल मी तंबूवाल्याला एक निवेदनही दिले होते. अक्षरे जर उलटी दिसत असतील तर माणसेही उलटी दिसत असणार, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. चार वर्षे आले नाही. त्याला माझ्याकडे सबब नाही.

मला एवढेच दिसत होते, की पडद्यावरचे सगळे जग डावरे आहे. विलायती चित्रपटांत न्यायाधीश डाव्या हाताने सही करत. दरोडेखोर डाव्या हाताने पिस्तूल काढत. मेजवानीत साहेब सुरी डाव्या हातात धरत. आपल्या चित्रपटांतही राजे तलवार डाव्या हाताने उपसत आणि बायकांचा पदर भलत्याच खांद्यावर असे. पदराबद्दल आमच्या बाजूला एकदा चर्चा झाली होती. तंबाखूवाल्या बायकांतली एक म्हणाली, "मुंबईच्या बाया हैत त्या. कुठल्याबी खांद्यावर घेतील." त्यावर विषय संपला.

मग एका भक्ताची गोष्ट असलेला चित्रपट आला. भक्त बरेच हाल सोसतो आणि शेवटी देव प्रकट होतो. देवाने हात वर केला आणि आशीर्वाद दिला. डावा हात. माझी बहीण शेजारी बसली होती. तिने स्वतःचा डावा हात पदराखालून काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसली.

मी त्याच आठवड्यात लेख लिहिला. चित्रपटावर दोन ओळी, बाकी सगळा हातावर. साऱ्या विलायतेत डाव्या हाताने जेवतात, लिहितात आणि न्याय देतात. आपले पूर्वज डाव्या हाताने लढले. खुद्द देव डाव्या हाताने आशीर्वाद देतो, हे निपाणीच्या शेकडो स्त्रियांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मग आपल्याच घरांत मुलींचे हात का बांधतात? लेख छापून आला. त्यावर पत्रे आली ती मुलींनी लेख लिहिण्याविरुद्ध. हाताबद्दल कुणी काही म्हटले नाही. साप्ताहिकाचे वाचक चित्रपट पाहत असतील तर कबूल करत नव्हते.

आप्पांनी लेख घरी मोठ्याने वाचला. आई भाकरी थापत होती. देवाच्या ओळीला ती थांबली.

"खरं हाय ते," ती म्हणाली. "मीबी बघितलं."

त्या दिवशी तिने किनार काढली नाही. बहीण डाव्या हाताने जेवली, चार भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारभर झोपली. पुढचे दोन महिने घरात किनारीचा विषय निघाला नाही. माझ्या लेखणीने झालेली ती पहिली सुधारणा होती आणि मी त्याबद्दल थोडी फुगले होते, हे सांगायला हरकत नाही.

दोन महिन्यांनी उचगावहून माणसे मुलगी पाहायला आली. मुलगा बेळगावात कचेरीत होता, घरची शेती होती. बोलणे सगळे मुलाचा मामा करत होता. बहिणीने पोह्यांच्या बश्या डाव्या हाताने दिल्या. मामाने बशी घेतली नाही.

"पोरगी डावरी हाय व्हय?"

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "देवबी डावराच हाय की."

"कुठला देव?"

"तंबूतला. थोरलीनं पेपरात लिवलंय."

मामा हसला. त्याने तो चित्रपट बेळगावला दोनदा पाहिला होता. "वैनी, उजव्या हातानं देतोय देव. मी खुर्चीत बसून बघितलाय." मग तो आप्पांकडे वळला. "मास्तर, पोरगी चांगली हाय. एवढा हात तेवढा फिरवा. महिन्याभरानं येतो."

ती माणसे गेल्यावर आईने किनार शोधून काढली. बहीण पाटावर बसली आणि तिने डावा हात मागे केला. आई मला म्हणाली, "तू बघून ये. पुढनं."

तंबू हलायच्या आधी तोच चित्रपट लोकांच्या आग्रहाने पुन्हा लावला होता. आई आणि बहीण नेहमीच्या जागी मागे बसल्या. मी पुरुषांच्या दाराकडे गेले. दारावरचा माणूस म्हणाला, "ताई, बायका मागल्या अंगाला." मी त्याला स्त्रीपुरुष समतेवरचे पत्रक दिले. त्याने ते चार घड्या करून खिशात घातले आणि म्हणाला, "मशिनीजवळ उभ्या ऱ्हावा. बसायचं न्हाय."

मी उभी राहिले. पहिलीच अक्षरे आली आणि ती सरळ होती. मला ती वाचायला वेळ लागला. मग राजा आला आणि त्याने उजव्या हाताने तलवार उपसली. पदर डाव्या खांद्यावर होते, आमच्या सगळ्यांचे असतात तसे. शेवटी देव आला. मी त्याच्या हाताकडे पाहत होते आणि माझ्या चार वर्षांच्या लेखांमधला एकेक साहेब, न्यायाधीश आणि दरोडेखोर डोक्यात हात बदलत होता.

परतताना आईने विचारले, "कुठला?"

"उजवा."

बहीण माझ्या शेजारून चालत होती. ती आईच्या दुसऱ्या बाजूला गेली.

"मी तर आजबी डावाच बघितला," आई म्हणाली. एवढेच.

चूक छापली तर चुकीची कबुलीही छापलीच पाहिजे, असे मी तोवर निदान तीन पत्रकांत लिहिले होते. म्हणून मी खुलासा लिहिला. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात मी पडद्यामागे बसल्यामुळे कसे उलटे पाहिले ते सांगितले. दुसऱ्यात लिहिले, की देव कोणत्याही हाताने आशीर्वाद देवो, जेवणाऱ्याला ज्या हाताने जेवता येते त्या हाताने जेवू द्यावे, आणि यासाठी देवाची किंवा साहेबाची साक्ष मी काढायलाच नको होती. खुलासा छापून आला. जागेअभावी दुसरा परिच्छेद गाळला होता.

आप्पांनी तोही मोठ्याने वाचला. बहिणीचा हात बांधलेला होता. ती म्हणाली, "आक्का, तुला कुणी विचारलं हुतं गं?"

"खरं ते खरंच लिहायला पाहिजे."

"तुझा हात मोकळा हाय, लिही की."

मी आप्पांच्या हातातून साप्ताहिक घेतले आणि ट्रंकेत ठेवले.

महिन्याने उचगावची माणसे पुन्हा आली. या वेळी बहिणीने उजव्या हाताने बश्या दिल्या. पहिली नीट गेली. दुसरी मामाच्या धोतरावर सांडली. मुलगा खाली पाहत राहिला. मामाने पोहे झटकले आणि म्हणाला, "लागंल वळण. आता तर थोरलीनंच पेपरात चूक कबूल केलीया." आणि त्याने कोटाच्या खिशातून साप्ताहिकाचे पान काढले. खुलाशाभोवती पेन्सिलीने रेघ मारली होती.

आई दारातून पुढे आली. पाहुण्यांसमोर ती एरवी येत नसे.

"न्हाय लागायचं वळण," ती म्हणाली. "महिनाभर बघतोय. पोरगी निम्मी झाली."

"वैनी, पण देवानं उजवा..."

"तुम्ही पुढं बसला हुतासा न्हवं?"

"व्हय. खुर्चीत."

"आम्ही मागं बसलो हुतो. देवानं आमच्याकडं पाठ केली न्हाय. तोंड करूनच उभा हुता. तुमच्याकडं बघून त्यानं उजवा वर केला, आमच्याकडं बघून डावा. कुठं कोण बसलंय ते त्याला ठाऊक हाय."

मामाने आप्पांकडे पाहिले. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. घरात चित्रपटांबद्दल बोलायचा अधिकार माझा होता. आईचे म्हणणे चूक होते. प्रकाश कापडातून कसा जातो आणि डावे-उजवे का बदलते, ते मला आता पाठ होते, आणि मामाच्या हातात माझ्याच सहीचा पुरावा होता. मी तोंड उघडले.

बहीण बश्या गोळा करत माझ्याजवळून गेली. "आक्का, गप," ती ओठ न हलवता म्हणाली.

मी तोंड मिटले. माझ्या आयुष्यात, खरे काय ते माहीत असून गप्प बसण्याची ती पहिली वेळ होती. त्यावर कुठल्याच पत्रकात काही लिहिलेले नव्हते.

"थोरलीला काय म्हणायचंय?" मामाने विचारले.

"काही नाही," मी म्हटले.

माणसे चहा न घेता गेली. तसाही आमच्या घरी चहा नव्हता. आठ दिवसांनी ओळखीच्या एका गाडीवानाकडून निरोप आला. दुपारी जेवणाच्या वेळी आला, म्हणून आप्पांनी तो पाटावरूनच ऐकला आणि आम्हाला सांगितला. मुलगी पसंत आहे, हाताचेही एक वेळ चालवून घेतले असते, पण मुलीची आई त्यांना जड जाईल.

आईने आप्पांना आमटी वाढली. बहिणीने डाव्या हाताने भात कालवला, एक घास खाल्ला आणि विचारले, "म्हंजे पुन्हा पोहे करायला नगोत न्हवं?"