घाऱ्या नटीचा तिसरा नवरा

माझ्या मुलाचे जमत आलेले लग्न मी एकदा एका अमेरिकन नटीच्या तिसऱ्या नवऱ्यापायी मोडले आहे. नटी आणि नवरा दोघेही फार पूर्वीच वारलेले असल्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

टाळेबंदीने विमाने थांबवली आणि आम्ही पतिपत्नी नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला मुलाच्या, चिन्मयच्या घरी अडकलो. तीन आठवड्यांसाठी आलो होतो. आठ महिने झाले. चिन्मय चौतीस वर्षांचा. स्थळ आले ते मृण्मयीचे. ती युट्रेख्टला संशोधन करते. आगगाडीने तासाभराचे अंतर, पण घरी पाहुणे बोलावण्यावर निर्बंध. म्हणून पाहण्याचा कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर ठरला. तिचे वडील भास्करराव नाशिकहून सामील होणार होते. आमच्या सौ. सुनंदाने तरीही पोहे केले. (पडद्यासमोर पोहे! खायचे कोणी? मी खाल्ले.)

"बाबा, पगार, पत्रिका, राजकारण, काही म्हणजे काही काढायचं नाही," चिन्मयने बजावले. सिनेमाचे नाव त्याने घेतले नाही. चूक त्याचीच, असे मी कितीतरी दिवस मानत होतो.

पंधरा मिनिटे सुरळीत गेली. मग भास्कररावांनी माझा छंद विचारला. मी चाळीस वर्षे ग्रंथपाल होतो. जुन्या हॉलिवुडच्या तारकांची कारकीर्द आणि लग्ने यांची माझी एक वही आहे. तसे सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांचीही वही होती!

"मग ती घारी आठवत असेल! काय अभिनय, काय रुबाब! आणि चार लग्नं!"

"पाच," मी म्हणालो.

"चार हो. तिसरा आणि पाचवा नवरा एकच की!"

"नवरे चार. लग्नं पाच. घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झालं. तुम्ही माणसं मोजताय."

"असं म्हणता? मग पहिलं लग्न रद्दच झालं होतं! स्टुडिओवाल्यांनी करार नाचवून मोडायला लावलं. म्हणजे पुन्हा चारच!"

"रद्द व्हायला आधी लग्न व्हावं लागतं, भास्करराव!"

"अहो, पोरांना बोलू द्या ना जरा," सुनंदा कुजबुजली आणि माझ्यासमोरची बशी उचलून घेऊन गेली.

मला राग येत नाही. तो आणला जातो. "या नवऱ्यांनीच तिची कारकीर्द बुडवली," असे भास्कररावांनी म्हटले आणि तो आणला गेला.

"नवऱ्यांनी नाही, बापाने बुडवली! प्रत्येक ठिकाणी तोंड घालायचा मेला!"

"हे मला उद्देशून का?"

"ज्याला लागायचं त्याला लागतं!"

चिन्मयने घाईघाईने माझा आवाज बंद केला. मला ते कळले नाही. पुढची तीन मिनिटे मी उभा राहून, तर्जनी उगारून, पुराव्यांसह बोललो. नाशिकला फक्त तर्जनी पोहोचली.

"बोट काय नाचवताय? आम्हाला नाही द्यायची मुलगी!" भास्करराव गरजले आणि पडद्यावरून नाहीसे झाले. दुसऱ्या चौकटीत मृण्मयी मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"बाबा, माझं लग्न होतं ते!" चिन्मय एवढेच म्हणाला. जेवायला न थांबता सायकल घेऊन बाहेर पडला.

सुनंदाने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी नाशिकला फोन केला. क्षमा मागण्याची मला सवय नाही.

"चुकलो," मी म्हणालो.

"मीही जरा जास्तच बोललो," भास्करराव म्हणाले.

"लग्नं मात्र पाच."

त्यांनी फोन ठेवला.

पंधरवड्याने चिन्मयने सांगितले की लग्न ठरले आहे. मृण्मयी त्या दिवशी रडत नव्हती, हसत होती. दोघे युट्रेख्टच्या कालव्याकाठी दीड मीटर अंतर राखून रोज चालत होते. पहिल्याच भेटीत त्यांचे एकमत झाले होते: लग्नानंतर दोन्ही वडिलांपासून शक्य तितके लांब राहायचे. नाशिक मुळातच लांब असल्यामुळे प्रश्न फक्त नीउ-व्हेनेपला अडकलेल्या माझा उरला. काम घरूनच चालते, तेव्हा शहर कोणतेही चालणार होते. त्यांनी ग्रोनिंगन निवडले.

मी नकाशा काढून पाहिला. ग्रोनिंगनच्या पलीकडे थोडी शेते आहेत, मग समुद्र. समुद्र नसता तर आणखी पुढे गेले असते.