होडी बांधायचा खर्च

बाकीच्या केसेस विसरलो, ही न्हाई विसरलो. जालना जिल्ह्यात समुद्र कुठला? तरी समुद्रातल्या होडीचा गुन्हा आमच्या ठाण्यात दाखल झाला. मी तेव्हा सहायक फौजदार होतो. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो आणि घासत घासत वर आलो.

फिर्यादी जुन्या जालन्यातला कापडाचा व्यापारी. पाहुण्यांना फिरवायला म्हणून त्यानं कोकणातल्या एका खाडीत हौसेची होडी घेतली होती. ती सांभाळायला तिथलाच एक म्हातारा खलाशी ठेवला होता. फिर्याद अशी, की म्हाताऱ्यानं रखवालीचे पैसे घेतले आणि होडी मुद्दाम बुडवली. पैसे जालन्यातून पाठवलेले, म्हणून तपास आमच्याकडं.

म्हाताऱ्याला चौकशीला बोलावलं. एसट्या बदलत बिचारा आला. मी दरडावलं, "होडी का बुडवली?"

"मी नाय बुडवली साहेब. मला महिनाभर आधीच काढून टाकला होता."

"का?"

"खर्च परवडत नाय म्हणाले. धक्क्यावरच्या जागेचं भाडं वेगळं, दोर-नांगर वेगळा, पावसाळ्यात होडी वर ओढायची मजुरी वेगळी. शेठ म्हणाले, नुसती बांधून ठेवायची, त्याला माणूस कशाला?" मंग त्यानं हात जोडले. "साहेब, मला अटक झाली तर बंदरावर कोण होडी देईल माझ्या हातात?"

असं सगळेच म्हणतात. मी विश्वास ठेवला न्हाई.

शेठचा ड्रायव्हर केदारखेड्याचा, माझ्या ओळखीचा. चहाच्या टपरीवर तो हळूच बोलला, "जमादार, माझं नाव घेऊ नका. त्या दिवशी होडी शेठनं सोता बांधली. म्हातारा तिथं नव्हताच."

पण बांधलेली होडी बुडली कशी? डोकं चालेना. संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. म्हाताऱ्याकडून ऐकलं होतं की खाडीचं पाणी दिवसातून दोनदा पुरुषभर चढतं आणि उतरतं, तेही सांगितलं. ती भाकर थापता थापता हसली.

"मंग दावं केवढं सोडलं व्हतं त्यानं? म्हशीला बी उठा-बसायपुरतं दावं लागतं. आखूड बांधली तर फास बसतो. तुमी पोलीस लोक, तुमाला काय कळतंय त्यातलं!"

दुसऱ्या दिवशी शेठला ठाण्यात बोलावलं. खिडकीपाशी स्टूल ठेवला, स्टुलावर अर्धी भरलेली बादली.

"खिडकी म्हणजे धक्का, बादली म्हणजे होडी. कशी बांधली, दाखवा."

शेठनं बादलीचा एक कान गजाला आवळून बांधला. दोन गाठी मारल्या. "हालणार न्हाई बिलकुल," म्हणाला.

मी स्टूल ओढून घेतला, म्हणजे झाली ओहोटी. बादली एका कानावर लटकली, तिरपी झाली, पाणी शेठच्या बुटावर.

चौकशीसाठी थांबवून घेतलेला म्हातारा बाकड्यावरून उठला. "अशीच लटकली असणार साहेब. भरतीला आखूड बांधली, ओहोटीला तिरपी टांगली गेली. परत भरती आली ती सरळ आत शिरली. दोर सैल करायला, आवळायला माणूस लागतो, तो यांनी वाचवला."

शेठची मान खाली गेली. म्हाताऱ्याला काढल्याचं त्यानं फिर्यादीत लपवलं होतं, ते कबूल केलं. मी 'क' समरी पाठवली, म्हणजे समजुतीची चूक, गुन्हा घडलाच न्हाई. म्हाताऱ्यावरचा डाग गेला. जाताना तो शेठला म्हणाला, "होडी वर काढा. लाकूड चांगलं आहे अजून."

या केसनं एक शिकवलं. आरोपीवर ओरडायच्या आधी फिर्यादीच्या हातात दोर द्यावा. नंतरच्या नोकरीत मी तसंच केलं. केस डायरीत तपास माझ्या नावावर लागला. वरिष्ठांनी पाठ थोपटली, ती माझीच.

त्या दिवशी घरी गेलो तर बायकोनं दारातच विचारलं, "सुटला का हो तो म्हातारा?"

मी "हं" म्हणालो आणि जेवायला बसलो. कोणामुळं सुटला, ते सांगितलं न्हाई. मागच्या वर्षी ती गेली, तोवर कधीच न्हाई सांगितलं.