कुसमाचं कॉलेज बघायला गेलेले चौघे

गजाली, म्हणजे गप्पागोष्टी, काही कोणी मुद्दाम जमवत नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली घातल्या की आमच्या वाडीतले पुरुष रिकामे. आणि चार रिकामे पुरुष एका जागी बसले की पाचवी गजाल आपोआप पैदा होते! त्या साली आम्ही चौघे कॉलेजं बघत फिरलो, तर एवढ्या गजाली झाल्या की लोक अजून मला मालवणच्या बाजारात अडवून विचारतात. म्हणून एकदाच सांगून टाकतो. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही.

झालं काय, माझी पोरगी कुसूम मॅट्रिक पास झाली. वाडीतली पहिली. म्हणाली, "बाबा, माका फुडे शिकाचा आसा."

मी म्हटलं, "तीन कॉलेजां बघूया. चौघांका एक तरी पसंत पडला तर जा. नाय तर मार्गशीर्षात लगीन!"

चौघे कशाला? अरे, बैल घ्यायला चौघे जातात, सोयरीक बघायला चौघे जातात. कॉलेज काय एकट्याने बघायचं? मी, देवळाचा मानकरी तातू गावकर, माझा मेव्हणा धाकू आणि सुक्या मासळीचा व्यापारी इब्राहिमशेट. इब्राहिमशेटने घाटावरचे सगळे बाजार पालथे घातलेले, म्हणून तो पुढारी. चौघांच्या इयत्ता जोडल्या तरी मॅट्रिक होईना!

*

निघायच्या आधी देवाचा कौल. पाषाणावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.

तातूने विचारलं, "देवा म्हाराजा, चेडू कॉलेजाक जांव काय?"

डावी पडली. मी म्हटलं, सुटलो!

तर कुसूम खांबाआडून म्हणते, "तातूकाका, आता विचारा, चेडू घराकडे रवां काय?"

तातूने विचारलं. परत डावी!

तातूने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "देव म्हणता, माका तुमच्या भानगडीत घालू नकात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे आणि कुसूम एसटीत.

*

पहिलं कॉलेज घाट चढल्याबरोबर. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. पोरींच्या हॉस्टेलवर एक सुपरिंटेंडंट बाई. कॉलेजात काय शिकवतात, हे काय आमच्या इब्राहिमशेटने विचारलं नाही. सरळ मुद्द्यावर आला.

"बाय, मासे खंयच्या वाराक?"

"आमच्याकडे मासे नसतात. वरण-भात, पोळी-भाजी. बारा महिने."

इब्राहिमशेट हळहळला. "अरेरे! सगळीच पोरा आजारी?"

बाईने दार लावून घेतलं. कॉलेज बाद! कुसूम सांगत होती, "मी खायन भाजी." पण मत चौघांचं घ्यायचं होतं, तिचं कोण विचारतो!

*

दुसऱ्या कॉलेजात आत जाऊच दिलं नाही. खिडकीत एक क्लार्क, केसाला एवढं तेल की चार पापलेटं तळून निघाली असती.

"धंदा काय तुमचा?"

"मासे मारतंय."

त्याने लगेच नाकाला रुमाल लावला. वर विचारतो, "मग पोरीला शिकवून काय करणार?"

माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "आणि तुका शिकवन तुझ्या बापाशीन काय केल्यान?"

त्याने उत्तर दिलं असतं बहुतेक. पण खिडकीतून त्याची कॉलर माझ्या हातात आली होती, त्यामुळे आवाज नीट फुटेना. तीन शिपाई लागले सोडवायला. कॉलेज बाद!

एसटीत कुसूम माझ्या शेजारून उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. धाकू तिची समजूत घालायला गेला, "बापाशीक राग येता, तां तुका ठावक नाय काय गो?"

"ठावक आसा, मामा. म्हणानच माका लांबचा कॉलेज होया!"

*

आता राहिलं एक. हे पडलं की मार्गशीर्ष. मी सगळ्यांना तंबी दिली, "आतमधी गेल्यार कोणी वचवच करूची नाय!"

धाकूला लायब्ररी दाखवली. भिंतभर कपाटं, कपाटभर पुस्तकं. धाकू सगळीकडे फिरून आला आणि लायब्ररीवाल्याला विचारतो, "ही सगळी वाचून झाली तुमची?"

"छे हो! सगळी कशी वाचणार?"

"मेल्या, आपण चाखल्याशिवाय लोकांक कशी वाढतंस?"

मी धाकूला दंडाला धरून बाहेर ओढला.

*

मग प्रिन्सिपॉलची खोली. चार खुर्च्या. चौघे बसलो. कुसूम भिंतीला टेकून उभी.

प्रिन्सिपॉल सज्जन माणूस. "बोला," म्हणाला. बस्स, तेवढंच निमित्त! तातू उठला, हात जोडले, डोळे मिटले, आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं!

"बा देवा म्हाराजा! ह्या कॉलेजच्या धन्या! आज ह्या चेडू तुझ्या दारात इला आसा..."

आमच्या तोंडातून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तेका उभो चिरून टाक..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि मार्कांत बरकत दी..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज दारातूनही आला. शिपाई कुडाळकडचा निघाला!

प्रिन्सिपॉलने चष्मा पुसला. "झालं?"

तातू म्हणाला, "ह्या देवाचा झाला. आता आमचा."

मग काय! तंबी गेली खड्ड्यात. इब्राहिमशेटने विचारलं, बाजार कुठल्या वारी? धाकूने विचारलं, हितसून पोरी पळान जातत काय? तातूने विचारलं, बावीत कोण बुडान मेलो हा काय? मीसुद्धा विचारलं, "मास्तर मारतत काय?"

"नाही."

"मग पोरा शिकतत कशी?"

प्रिन्सिपॉल घामाघूम. आम्ही चौघे एकमेकांकडे बघायला लागलो. तातूची मान नकोच्या बाजूला हलायला लागली होती.

तेवढ्यात प्रिन्सिपॉलने हात वर केला आणि कुसमाकडे वळला. "मुली, सगळ्यांनी विचारलं. तुला काही विचारायचंय का?"

कुसूम भिंत सोडून पुढे आली. एकदम शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणाली,

"सर, यांची परतीची एसटी किती वाजता आहे?"

प्रिन्सिपॉलने घड्याळ बघितलं. आम्हाला म्हणाला, "उठा."

आणि तिला म्हणाला, "ये, खुर्चीवर बस."