अण्णांसाठी घेतलेली गाडी

बापटच्या गाडीचे किस्से आम्ही कधी मुद्दाम जमवले नाहीत. शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे तिघंच: मी, हेमंत बापट आणि तंजावरकडचे राव. अकराची कॉफी एकत्र. रोज एकाच माणसासमोर बसून कॉफी प्यायली की किस्से आपोआप साठतात, कपाच्या तळाशी साखर साठते तसे. हे मात्र कडू निघाले, त्याला माझा इलाज नाही.

*

वेळचेरीत बापट आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. तो तळमजल्यावर, मी आणि माझा नवरा पहिल्या मजल्यावर. त्याची बायको नोकरीमुळे पुण्याला. आई गेल्यावर त्यानं वडिलांना, म्हणजे अण्णांना, मिरजेहून इकडे आणलं. अण्णांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. म्हणून बापटनं सेकंडहँड एसयूव्ही घेतली. काळी, परदेशी, ऐसपैस. "अण्णांना आता चढ-उतर सोपी," असं सांगत त्यानं ऑफिसभर पेढे वाटले.

अण्णांकडे काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू होता. काशी नवरा-बायकोनं मिळून केली होती, रामेश्वर राहिलं होतं. ते पाणी तिथं वाहिल्याशिवाय बायकोची यात्रा पुरी होणार नाही, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. गाडी दारात आली तेव्हा ते गडू मांडीवर घेऊनच पुढच्या सीटवर बसले.

"निघू या का?"

"अण्णा, आधी गाडी फिट होऊ दे," बापट म्हणाला.

*

बापटचा मेकॅनिक सेल्वम. त्यानं सांगितलं, "सार, जुनं डिझेल इंजिन आहे. जवळच्या फेऱ्या मारू नका. तापायच्या आत बंद केलं की धुराचा फिल्टर चोंदतो." सल्ला सोळा आणे खरा होता. बापटनं तो गुरुमंत्रासारखा घेतला.

अण्णांचा डॉक्टर दोन सिग्नल पलीकडे. अण्णा रिक्षानं जायला लागले. रिक्षात चढताना गुडघा वाकला की त्यांच्या तोंडून आवाज निघायचा, तो मला वर गॅलरीत ऐकू यायचा.

रावांचं मराठी जुन्या वळणाचं. त्यांनी कॉफी पिता पिता विचारलं, "अय्यो, मग गाडी कोणास घेट्लास?"

"अण्णांसाठीच," बापट म्हणाला. "पण तेवढ्या अंतरात इंजिन तापत नाही ना!"

*

फिल्टर साफ राहावा म्हणून दर रविवारी गाडीला महाबलीपुरमच्या रस्त्यानं लांब न्यायचं, एका वेगात, न थांबता. पहिल्या रविवारी अण्णाही गेले. ठेवणीतला शर्ट घालून.

पण वय झालेलं. त्यांना सारखं लघवीला उतरावं लागायचं. पुढच्या रविवारी गाडी एकटीच फिरायला गेली. मी विचारलं तर बापट म्हणाला, "सारखं थांबलं की इंजिनाची लय तुटते."

अण्णा ग्रिलच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "तिला मोकळी हवा पाहिजे असते."

*

मग गिअरबॉक्सचं पथ्य सुरू झालं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. कंपनी म्हणते त्याच्या आधीच तेल बदलायचं. सेल्वमनं काढलेल्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन बापट ऑफिसात आला आणि आम्हाला रंग दाखवला. "बघा, काळपट दिसतोय. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं."

अण्णांच्या पावलांवर सूज चढली होती. चप्पल पायात जात नव्हती. ते त्याला माझ्या नवऱ्यानं सांगितलं.

"हो का?" बापट म्हणाला. "बघतो."

रामेश्वर तेलानंतर ठरलं होतं. तेल झालं, मग रेडिएटरचा पाइप खराब निघाला. पाइप झाला, मग इंजिनातल्या चेनचा आवाज यायला लागला.

*

वादळाचा इशारा आला की वेळचेरीतले लोक गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावतात. त्यात काही वावगं नाही, आमचीही तिथंच होती. पण बाकीचे गाडी लावून घरी परतले आणि बापट गाडीतच बसून राहिला. कोणी घासून जाईल म्हणून.

इकडे पाणी तळमजल्यात शिरलं. मी आणि नवरा खाली धावलो. अण्णा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, गडू पोटाशी धरून. दोघांनी खांद्याचा आधार देत एकेक पायरी त्यांना वर आणलं. माझा संताप संताप झाला होता, अजूनही तो गेलेला नाही.

तेवढ्यात बापटचा फोन आला. मी तो अण्णांच्या कानाला लावला. पलीकडचं मलाही ऐकू आलं. "अण्णा, काळजी करू नका. इंजिनात थेंबभर पाणी गेलेलं नाही."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. ओल्या धोतरानं ते कुडकुडत होते. "रामेश्वरला जायचंय तिला."

*

उन्हाळ्यात अण्णा गेले. त्या पहाटेही ते रिक्षानंच हॉस्पिटलला गेले होते.

दिवसकार्याआधी बापट रामेश्वरला निघाला. मी गॅलरीतून बघत होते. त्यानं अस्थींचा कलश पुढच्या सीटवर ठेवला, शेजारी गंगेचा गडू, आणि दोन्हींना मिळून बेल्ट लावला. इंजिन सुरू करून, ते नीट तापेपर्यंत उभा राहिला आणि मग निघाला.

सुतक संपल्यावर तो ऑफिसात आला. अकराच्या कॉफीला रावांनी हळूच विचारलं, "प्रवास नीट झाला?"

"एकदम," बापट म्हणाला. "गाडी एका लयीत गेली. वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही."